दुसऱ्या राज्यातील दस्त



आमच्या घरी आजोबांच्या काळातील काही चोपड्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत रकमेपुढे कुठे ‘हाली’ असे लिहिलेले आढळते, तर कुठे ‘कलदार’. आजच्या पिढीला याचा उलगडा होत नाही. आपले धाराशिव त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि शेजारची बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. इकडे निजामाचे हाली शिक्का नाणे चाले, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया. शंभर कलदारांना सुमारे ११६ रुपये १० आणे हाली, असा भाव असे. कायदा वेगळा, कचेरी वेगळी, दप्तराची भाषाही वेगळी. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत आपल्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने बार्शी हे एका परीने परराज्यच होते.

अशा काळात आजोबांनी बार्शीला एक वखार विकत घेतली. विकणारा ओळखीचा होता, मध्यस्थ तर नात्यातला होता. तरीही आजोबा स्वतः बार्शीला गेले, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जुने दस्त वाचून घेतले, नगरपालिकेत घरपट्टी कोणाच्या नावे आहे ते पाहिले आणि मगच बयाणा दिला. ते वडिलांना नेहमी सांगत, ‘माल विश्वासावर घ्यावा, जागा कागदावर घ्यावी, आणि जागा दुसऱ्याच्या राज्यात असेल तर त्या राज्याचा कागद आपल्या डोळ्यांनी वाचावा.’

गेल्या दिवाळीत हे वाक्य मला तीव्रतेने आठवले. वहीपूजन झाल्यानंतर दोन-तीन दिवसांनी जिल्ह्यातील एका आडत-व्यापारी कुटुंबातील दोघे माझ्याकडे आले. वडील बंधू माझ्याहून थोडे मोठे, सोबत त्यांचा तिशीतला पुतण्या. पुतण्याच्या हाती गुळगुळीत कागदावर छापलेली एक देखणी पुस्तिका होती. पुण्यातील एका मोठ्या हॉटेलात दुबईतील घरांचे प्रदर्शन भरले होते. तेथे त्याने एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील सदनिका नोंदवली होती. किंमत १२ लाख दिरहम. बयाण्यादाखल २०,००० दिरहम त्याने आपल्या क्रेडिट कार्डाने भरलेही होते.

‘साहेब, मुलगा हुशार आहे,’ वडील बंधू म्हणाले, ‘पण रक्कम घराची आहे, एकट्याची नाही. तुम्ही एकदा कागद पाहा.’

मी तीनच प्रश्न विचारले. दस्त कोणाच्या नावे होणार? पैसा कोणत्या वाटेने जाणार? आणि उद्या विकायची वेळ आली तर तो कोणत्या वाटेने परत येणार?

उत्तरे ऐकून मी चष्मा काढून ठेवला. दस्त पुतण्याच्या मेहुण्याच्या नावे होणार होता, कारण तो तिकडे नोकरीला आहे आणि ‘तसे सोपे जाते’. काही रक्कम पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यातून आणि काही अविभक्त कुटुंबाच्या खात्यातून उचलायची होती. उरलेली पुण्यात रोख द्यायची, म्हणजे तिकडे तेवढे दिरहम जमा होतील, असे दलालाने सांगितले होते. परतीच्या वाटेचा विचार कोणीच केलेला नव्हता.

‘काका, सगळे असेच करतात,’ पुतण्या म्हणाला. ‘तुम्ही बँकेतले लोक फार घाबरता.’

त्याला रागावण्याचा मला अधिकार नव्हता. एकदा मी घाबरायला हवे होते तेव्हा घाबरलो नव्हतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. ती हकीकत आजवर या सदरात मी लिहिली नाही, आज लिहितो.

२००८ साली मी परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या एका शाखेत अधिकारी होतो. माझा एक कापड-व्यापारी स्नेही दुबईतील एका नियोजित इमारतीसाठी हप्ते पाठवू लागला. त्याचा अर्ज बिनचूक होता, मर्यादेच्या आत होता. मात्र पैसे ज्या खात्यात जायचे होते ते प्रकल्पाचे खाते नव्हते, एका दलाल कंपनीचे होते. ते नाव मी वाचले. क्षणभर शंकाही आली. पण अर्ज पूर्ण असेल तर आपण कशाला खोलात शिरा, असे म्हणून मी सही केली. असे तीन हप्ते गेले. त्याच वर्षी जागतिक मंदी आली, दुबईतील घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर कोसळल्या, अनेक प्रकल्प अर्धवट राहिले. स्नेह्याची इमारत पायाच्या वर आलीच नाही आणि त्या कंपनीचा फोनही पुढे लागेना. काही वर्षांनी तो गेला. त्याची पत्नी पावत्यांची पिशवी घेऊन घरी आली आणि म्हणाली, ‘भाऊ, यातली कोणती पावती कामाची आहे?’ एकही नव्हती. नियमाने माझी चूक नव्हती. पण मित्र म्हणून एक वाक्य बोलायचे होते, ते मी बोललो नाही.

म्हणून आता बोलतो. परदेशात घर घेणे हा काही अपराध नव्हे. कायद्याने त्यासाठी सरळ वाट आखून दिली आहे. मात्र त्या वाटेची दोन टोके आहेत, एक येथे आणि दुसरे तेथे, आणि दोन्ही टोकांचा कागद पक्का हवा.

आधी येथील टोक पाहू. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, जिला आपण एलआरएस म्हणतो, एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. स्थावर खरेदीसाठी ही योजना वापरता येते. परदेशी गुंतवणुकीचे ऑगस्ट २०२२ चे नियमही तसे स्पष्ट सांगतात. मात्र ही सवलत व्यक्तीला आहे. पेढीला नाही, भागीदारी संस्थेला नाही, ट्रस्टला नाही आणि अविभक्त हिंदू कुटुंबालाही नाही. आपल्या घरांत पैसा बहुधा यांच्याच खात्यांत असतो, म्हणून येथेच पहिली ठेच लागते. भागीदाराने आपल्या भांडवलातून रीतसर उचल करावी, ती वहीत लिहावी, ती रक्कम स्वतःच्या बचत खात्यात आणावी आणि तेथून स्वतःच्या पॅनवर पाठवावी. नातेवाईकांना मिळून खरेदी करता येते, परंतु प्रत्येकाने आपापल्या मर्यादेत, आपल्या नावे रक्कम पाठवावी आणि ज्यांचा पैसा त्यांची नावे दस्तावर असावीत.

कर्जाच्या पैशाचे काय? या योजनेखाली परदेशी मालमत्ता घेण्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. पेढीची कॅश क्रेडिट मर्यादा तर तूर, सोयाबीन, कापड अशा मालासाठी मंजूर झालेली असते. ती दुबईच्या सदनिकेकडे वळवणे म्हणजे बँकेचा विश्वासभंग होय. क्रेडिट कार्डाने बयाणा भरणेही या योजनेत बसत नाही. रक्कम अधिकृत बँकेतूनच, ए-२ अर्जावर खरा उद्देश लिहून जावी. घरासाठी जाणारी रक्कम ‘कुटुंबाच्या निर्वाहासाठी’ असे दाखवून पाठवणारे पुष्कळ आहेत. तो उद्देश खोटा, म्हणजे पुढचा सारा कागद खोटा.

राहिला रोखीचा मार्ग. त्याला आपण हुंडी म्हणू वा आणखी काही. कायदा त्याला हवाला म्हणतो. फेमा कायद्याने अशा व्यवहारातील रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्याच्या ३७-अ कलमाखाली, परदेशात नियमबाह्य मालमत्ता आढळल्यास तेवढ्या किमतीची भारतातील मालमत्ता जप्त करता येते. म्हणजे घर दुबईत घेतले आणि टाच आली ती येथील दुकानावर, असे होऊ शकते.

१० लाखांवरील रकमेवर एप्रिल २०२५ पासून बँक २० टक्के टीसीएस वसूल करते. एक कोटी पाठवायचे तर १८ लाख वेगळे काढून ठेवावे लागतात. तो कर विवरणपत्रात वळता होतो, परतही मिळतो. पण तेवढी रक्कम काही महिने अडकते. व्यापाऱ्याला अडकलेल्या पैशाचे मोल सांगायला नको.

आता एक हिशेब. दिरहमचा डॉलरशी भाव ३.६७२५ असा बांधलेला आहे. त्यामुळे २,५०,००० डॉलर म्हणजे ९,१८,१२५ दिरहम. दुबईचा दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळण्यासाठी २० लाख दिरहमची मालमत्ता लागते, हे आमिष प्रत्येक प्रदर्शनात दाखवले जाते. पती-पत्नी दोघांची एका वर्षाची पूर्ण मर्यादा जोडली तरी बेरीज १८,३६,२५० दिरहम होते. म्हणजे दोघे मिळूनही एका आर्थिक वर्षात सरळ वाटेने तेथे पोहोचत नाहीत. ‘यंदाच सगळे करून देतो’ असे कोणी म्हटले, तर उरलेला पैसा कोणत्या वाटेने नेणार, हे त्याला विचारावे.

हप्त्यांच्या योजनेत आणखी एक जोखीम आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत असताना रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा २ लाखांवरून ७५,००० डॉलरवर आणली आणि तिच्यातून परदेशी स्थावर घेण्यास मनाई केली. पुढील वर्षी ती मनाई उठली. पण ज्यांचे हप्ते चालू होते त्यांची मधल्या काळात काय घालमेल झाली असेल, ती मी बँकेच्या खिडकीतून पाहिली आहे. म्हणून चार-पाच वर्षांचे हप्ते कबूल करताना नियम मध्येच बदलू शकतो, हे गृहीत धरावे. ताबा मिळाल्यानंतरही हप्ते चालू राहणार असतील तर ते परकीय कर्ज ठरते काय, याविषयी आधीच बँकेचे आणि सनदी लेखापालांचे लेखी मत घ्यावे.

आता पलीकडचे टोक. दुबईत परदेशी व्यक्तीला ठरावीक भागांतच पूर्ण मालकीने जागा घेता येते. २००६ च्या स्थावर नोंदणी कायद्याने ही तरतूद झाली. नोंदणी दुबई लँड डिपार्टमेंटकडे होते आणि नोंदणी शुल्क किमतीच्या ४ टक्के असते. १२ लाखांच्या घरावर हे ४८,००० दिरहम पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतात. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पासाठी २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्याने एस्क्रो खाते सक्तीचे केले आहे. खरेदीदाराचा पैसा त्या प्रकल्पाच्याच खात्यात जायचा आणि कामासाठीच वापरायचा, असा तो नियम आहे. माझ्या स्नेह्याला मी हेच सांगायला हवे होते. प्रकल्प नोंदलेला आहे काय, काम किती झाले आहे, दलालाचा परवाना चालू आहे काय, हे त्या विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ या ॲपवर घरबसल्या पाहता येते. खरेदीनंतर आपले नाव तेथील प्राथमिक नोंदवहीत, जिला ‘उकूद’ म्हणतात, चढले की नाही हेही पाहावे. बिल्डरची पावती म्हणजे नोंदणी नव्हे.

हप्ते थकले तर काय होते, तेही करारावर सही करण्याआधी वाचावे. काम किती झाले आहे यावर अवलंबून, घराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम बिल्डरला ठेवून घेता येते. अर्ध्या वाटेत थांबणे हे सर्वांत महाग पडते.

घर मिळाल्यावर येथील कर्तव्य पुन्हा सुरू होते. दुबईत भाड्यावर व्यक्तीला आयकर नाही, म्हणून भारतातही नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो चुकीचा आहे. भारतातील रहिवाशाचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असते. शिवाय परदेशी मालमत्ता विवरणपत्रातील ‘शेड्यूल एफए’ या तक्त्यात दरवर्षी दाखवावी लागते, मग भाडे येवो वा न येवो. आपले अनेक दुकानदार अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली आयटीआर-४ भरतात. परदेशी मालमत्ता असणाऱ्याला तो नमुना चालत नाही, आयटीआर-१ ही चालत नाही. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली केवळ नोंद न केल्याबद्दल १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून लहान रकमांना त्यातून सूट मिळाली, पण स्थावराला ती सूट नाही. आणि मालमत्ताच अघोषित ठरली तर ३० टक्के कर व त्याच्या तिप्पट दंड, म्हणजे किमतीहून अधिक रक्कम भरावी लागते.

सदनिका विकल्यावर येणारी रक्कम पुन्हा नियमाप्रमाणे गुंतवली नाही, तर १८० दिवसांत भारतात आणावी लागते. ती आणताना ‘हा पैसा मुळात गेला कसा?’ असे बँक विचारते. ज्याच्याकडे जातानाचा कागद आहे, त्याचा पैसा मानाने घरी येतो. दुसऱ्याच्या पैशाप्रमाणे त्याला चोरवाटेने यावे लागत नाही.

आणखी एक प्रश्न आपण अमंगळ समजून टाळतो. मालक गेल्यावर काय? संयुक्त अरब अमिरातीत फेब्रुवारी २०२३ पासून बिगर-मुस्लिमांसाठी वेगळा कौटुंबिक कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास त्यानुसार अर्धा हिस्सा पती वा पत्नीला आणि उरलेला मुला-मुलींना समान, अशी वाटणी होते. तेथील डीआयएफसी न्यायालयाच्या सेवेत २०१५ पासून बिगर-मुस्लिमांना मृत्युपत्र नोंदवता येते. घर घेतले त्याच महिन्यात हे काम उरकावे. मेहुण्याच्या, मित्राच्या नावे घर ठेवण्यातील खरा धोका येथेच उघड होतो. कागदावर ज्याचे नाव, वारस त्याचे. आज नाते गोड असेल. दस्ताला नाते कळत नाही.

दुबईविषयी एवढे विस्ताराने लिहिले, कारण आपल्या घरांत सध्या तेथील पुस्तिकाच अधिक येतात. परंतु प्रत्येक देशाचे आपले दार आणि आपली कडी असते. कॅनडाने जानेवारी २०२३ पासून परदेशी व्यक्तींच्या घरखरेदीवर बंदी घातली आणि नंतर तिची मुदत वाढवली. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून दोन वर्षे जुनी घरे परदेशी लोकांना विकण्यास मनाई केली. सिंगापूरमध्ये २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला ६० टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क पडते. इंग्लंडमध्ये अनिवासी खरेदीदाराला २ टक्के अधिभार आहे. अमेरिकेत तेथे वास्तव्य नसलेल्या परकीयाच्या वारसांना केवळ ६०,००० डॉलरपर्यंत सूट, त्यावर ४० टक्क्यांपर्यंत वारसा-कर. मुलगा वा मुलगी तेथे स्थायिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून घर घेत असेल, तर आई-वडिलांनी आपले नाव त्यात घालण्याचा आग्रह धरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची कमाई, त्यांचे घर, आणि हिशेबही सरळ.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे विचारणारे वाचक असतीलच. मी ॲपवर प्रकल्प पाहायला सांगितला. प्रकल्प नोंदलेला होता. परंतु दलालाने दिलेले खाते प्रकल्पाच्या एस्क्रो खात्याशी जुळत नव्हते. पुतण्या बराच वेळ फोनच्या पडद्याकडे पाहत राहिला. काका म्हणाले, ‘बयाणा गेला असे समज. बाकी घर वाचले.’ चार दिवस त्या घरात अबोला होता, असे मला नंतर कळले. पुतण्याला तो बयाण्यापेक्षा अपमान वाटला. बयाणा परत मिळाला नाही. कार्डाने केलेल्या भरण्याबाबत रिझर्व्ह बँकेकडे आपणहून कबुली देऊन कंपाउंडिंगचा अर्ज करावा काय, याचा सल्ला ते सनदी लेखापालांकडून घेत आहेत.

गेल्या महिन्यात कुंथलगिरीला दर्शनाला गेलो असता पायऱ्यांवर तो पुतण्या भेटला. नमस्कार करून म्हणाला, ‘काका, घर घ्यायचे अजून मनात आहे. पण आता तयार घर पाहतो, काका आणि मी दोघांच्या नावे, दोघांच्या खात्यातून. आधी स्वतः जाऊन बघून येणार.’ मी म्हटले, ‘जरूर घे. आणि तेथील कचेरीत आपल्या नावाची नोंद स्वतः वाचून ये.’

परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा घालावयाच्या वस्तूंमध्ये क्षेत्र आणि वास्तू यांची नावे प्रारंभी येतात. किती घ्यावे हे ज्याने त्याने ठरवावे. तो माझा विषय नव्हे. पण जे घेऊ ते वहीत उजेडात लिहिता येईल असे असावे, एवढे सांगण्याचा मला चाळीस वर्षांच्या नोकरीने अधिकार दिला आहे. आजोबांची बार्शीची वखार पुढे वडिलांनी विकली, तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाने जुना दस्त पाहून पाच मिनिटांत होकार दिला. राज्य बदलले होते, नाणे बदलले होते. दस्त मात्र तोच होता.